धुक्यात वाढलेली इमारत

१

धुकं उठलं आणि वस्तीच्या लक्षात आलं, की इमारत वाढली आहे.

खरं तर इमारत नव्हतीच. शाळेमागच्या मैदानावर चार कोपऱ्यांना चार उंच खांब होते, त्यांच्या माथ्याशी ताणलेल्या दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांवर तांबड्या कापडाच्या झेंड्या होत्या, बस्स. तिथला नियमच तसा होता. काही नवं बांधायचं तर आधी त्याची आकृती खांब-दोऱ्यांनी उभी करायची, म्हणजे उद्या आपल्या खिडकीतून काय दिसेल आणि काय दिसायचं थांबेल, हे शेजाऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. हवेत इमले बांधणं आपण नुसतं म्हणतो, तिथे ते रीतसर बांधत.

नगरपालिकेला या जागी स्वस्त घरं उभारायची होती. परिचारिका, बसचालक, स्वयंपाकी, म्हणजे या वस्तीत दिवसभर राबून संध्याकाळी कुठल्या कुठे लांब परतणारी माणसं तिथे राहायला येणार होती. त्यावरून वस्ती उभी दुभंगली होती. एकाच फाटकातून ये-जा करणारे शेजारी एकमेकांना टाळायला लागले होते. बंगल्यांच्या गल्लीचं म्हणणं, घरं आली की पोरं येणार, पोरं आली की शाळा फुटणार, शिवाय इमारतीची सावली वर्गांवर पडणार. तरी गल्ली हळूहळू निवळत होती. याला कारण एकच होतं. गल्लीतून बघितलं की आधी शाळेचं कौलारू छप्पर दिसे, त्याच्यावर निलगिरीच्या रांगेचे शेंडे दिसत, आणि दोऱ्या त्या शेंड्यांच्या आत, पानांमागे लपलेल्या असत. "झाडांच्या वर येत नाही ना? मग बांधा बापडे," असं म्हणण्यापर्यंत काही जण आले होते.

मग धुकं आलं. असं दाट, की माणूस घराबाहेर पडला की आधी त्याचे पाय नाहीसे होत आणि मग तो. आठवडाभर लोक आवाजावरून एकमेकांना ओळखत होते. आणि त्या सकाळी पडदा सरकावा तसं ते सरकलं, तेव्हा तांबड्या झेंड्या शेंड्यांच्या चांगल्या वर, उघड्या आभाळात फडफडत होत्या.

"हा बघा फोटो! धुक्याच्या आधीचा." दातांचे डॉक्टर मोबाइल नाचवत होते. गल्लीचे पुढारी तेच. "दोरी कुठे आहे? शेंड्यांच्या खाली. आणि आता बघा वर! आता बोला."

"मी आत्ताच मोजून आले," नकाशे काढणारी तरुण वास्तुकार रडकुंडीला आली होती. "उंची नकाशात आहे तेवढीच आहे. एक बोटही जास्त नाही."

"म्हणजे आत्ता बरोबर आहे. मग आधी कमी होती! आम्हाला गाफील ठेवायला दोऱ्या खाली बांधल्या, आणि उद्या सुनावणीला साहेब मोजणार म्हणून धुक्यात गुपचूप वर चढवल्या. बाई, मी दात काढतो. वरून पांढरं आणि आतून किडलेलं मला लगेच कळतं."

सुनावणी अधिकारी तिथेच उभे होते. थकलेला, सभ्य माणूस. ते म्हणाले, "फसवणूक सिद्ध झाली तर प्रस्ताव रद्द. पुन्हा मांडताही येणार नाही. उद्या सकाळपर्यंत मला कुणीतरी शोधून सांगा, दोऱ्या कुणी हलवल्या. दोन्ही बाजूंना चालेल असा कुणी आहे का इथे?"

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. कोपऱ्यात, हातातली दुधाची पिशवी छातीशी धरून, विमाकाका उभे होते.

विमा कंपनीत ते तपासनीस होते. जळालेली दुकानं आणि बुडालेल्या गाड्या बघून खरं काय झालं ते सांगायचे. आता निवृत्त, विधुर आणि गल्लीच्या टोकाला एका माडीवरच्या खोलीत पुस्तकांसोबत भाडेकरू. दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर विश्वास होता, कारण त्यांनी आजवर कुणाचीच बाजू घेतली नव्हती. बाजू घेण्याइतकं लांब वाक्यच त्यांच्या तोंडून पुरं होत नसे.

"मला... एक सांगायला हवं आधी..." काका म्हणाले.

"काही सांगू नका! तुम्ही कुणाचेच नाही, म्हणून तर तुम्ही!" डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. पाठोपाठ सगळे एकदम बोलायला लागले. काकांचं वाक्य त्या गलक्यात कुठेतरी पडलं आणि कुणाच्या पायाखाली आलं कोण जाणे.

सांगायचं एवढंच होतं, की त्या न बांधलेल्या घरांपैकी एकासाठी त्यांच्या स्वतःच्या लेकीनं अर्ज केला होता.

२

लेक परिचारिका होती. शहराच्या पार पलीकडे एका खोलीत नवरा आणि मुलीसह राहायची. नात आजोबांना फोनवर गोष्टी सांगायला लावी आणि अर्ध्यात झोपून जाई. हे घर मिळालं तर ती गोष्ट ऐकायला जिना चढून येणार होती. काकांना हा विचार इतका गोड वाटे, की तो आला की ते लगेच दुसरा करत. आपल्याला एवढं चांगलं कशाला काही मिळेल, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं.

आता जर वास्तुकारबाईनं खरंच फसवलं असेल, तर हे घर गेलं. आणि तसं शोधून काढायचं काम त्यांच्याच गळ्यात.

मैदानात अजून धुक्याच्या चिंध्या रेंगाळत होत्या. गवत ओलं होतं. काकांनी पहिल्या खांबाला चक्कर मारली. माथ्याशी कप्पी होती, तिच्यावरून दोरी खाली येऊन कमरेएवढ्या उंचीवर एका खुंटीला गुंडाळलेली.

"झेंड्या खालीवर करता येतात म्हणजे," ते म्हणाले.

"वादळ आलं तर उतरवायला," वास्तुकार म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांना ते खरं वाटतंय. खाली उभं राहून कुणीही वर ओढू शकतं. काका, माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. मलासुद्धा ती मोठी दिसतेय हो!"

"दिसतेय खरी."

"तुम्ही पण असंच म्हणताय?"

काका खुंटीपाशी वाकले. त्यांना चष्मा वर करून बघायची सवय होती. खुंटीच्या दोरीवर एक रानवेल चढली होती. दोरीच्या वेढ्यांमधून तिनं आपले तंतू घातले होते, स्प्रिंगसारखे पीळ देऊन. जुने पीळ तपकिरी होऊन लाकडासारखे कडक झाले होते आणि नवे अजून हिरवे होते. एकही तुटलेला नव्हता.

ते दुसऱ्या खांबापाशी गेले. तिथेही वेल. तिसऱ्यापाशी वेल नव्हती, म्हणून त्यांनी मान वर केली. पार माथ्याशी, कप्पीच्या बाजूला, एक एवढंसं लोंबतं घरटं होतं. पाखरानं ते अर्धं खांबाला आणि अर्धं दोरीला विणलं होतं. दोरी टीचभर जरी सरकली असती, तर घरट्याचे दोन तुकडे झाले असते. घरट्याच्या तोंडातून एक बारीक चोच बाहेर डोकावत होती.

काका बराच वेळ त्या चोचीकडे बघत राहिले.

"काय झालं?" वास्तुकारबाईनं विचारलं.

"ही दोरी कुणी... म्हणजे, खांब उभे केल्यापासून..." त्यांनी चष्मा नाकावर घेतला. "पोरी, इमारत वाढलेलीच नाही."

३

मग वाढलेली दिसते कशी? फोटो खोटा नव्हता. आजचं दृश्यही खोटं नव्हतं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना खोटं पाडत होत्या, आणि अशा वेळी तिसरी कुणीतरी खोटं बोलत असते, हे काका जळक्या दुकानांमध्ये शिकले होते.

ते डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर मोकळेच होते.

"बसा, बसा. नाही, तिथे नको, ती खुर्ची पेशंटची. त्या खुर्चीत बसलेला माणूस मला खरं सांगतो, पण कळत काही नाही." ते स्वतःच्या विनोदावर हसले, मग गंभीर झाले. "काका, तुम्हाला वाटत असेल मी गरिबांच्या वाईटावर आहे. तसं नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथे एका बाकावर इतके जण बसायचे, की लिहायची पाळी लावावी लागे. मी खरंच शेजाऱ्याच्या कोपरावर वही ठेवून लिहायला शिकलो. माझ्या मुलीला या शाळेत बाईंनी नावानं हाक मारलेली मी ऐकतो ना, तेव्हा मला... ते जाऊ दे. शाळा भरलेली आहे. मोठ्या बाईंनीच नगरपालिकेला तसं कळवलंय. एका ताटात किती जण जेवणार?"

काका गप्प राहिले. समोरच्याला गप्पपणा सोसत नाही आणि तो आपणहून बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर ते त्यासाठी गप्प नव्हते. त्यांना काही सुचलं नव्हतं.

"धुक्यात काही पाहिलंत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"धुक्यात काय दिसणार, कप्पाळ? वास मात्र आला. निलगिरीच्या तेलाचा! सगळी गल्ली घमघमत होती. म्हटलं, घराघरात सर्दी झालेली दिसतेय, वाफारे घेतायत. माझं स्वतःचं चोंदलेलं नाक मोकळं झालं फुकटात."

"कितीजण शिंकत होते?"

डॉक्टर थबकले. "म्हणजे?"

"सर्दी होती ना घराघरात. तुमच्याकडे कोणी शिंकत आलं?"

"नाही बुवा. कुणीच नाही." डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "त्याचा इथे काय संबंध?"

"माहीत नाही," काका प्रामाणिकपणे म्हणाले आणि उठले.

"काका." डॉक्टरांचा आवाज बदलला होता. "सकाळी तुम्हाला काय सांगायचं होतं? नाही, राहू द्या, मीच सांगतो. तुमच्या लेकीच्या हॉस्पिटलमधली एक सिस्टर आत्ता दाढ दाखवून गेली. बोलता बोलता म्हणाली, त्या घरांसाठी आमच्यातल्या दोघींनी अर्ज केलाय. त्यातली एक तुमची लेक."

काकांच्या कानांत एकदम धुकं भरल्यासारखं झालं.

"उद्या तुम्ही त्या पोरीला निर्दोष ठरवलंत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तर मी भर सभेत हे सांगणार. माझा इलाज नाही. माझ्या जागी असता तर तुम्हीही हेच केलं असतं."

आणि त्यातलं वाईट हे, की ते खरं होतं.

४

शाळेत काका शिरले तेव्हा मधल्या सुट्टीनंतरची शांतता होती. पटांगणात व्यायामाचे मास्तर दोरखंड गुंडाळत बसले होते. पोरं त्यांना शिट्टी सर म्हणत, कारण ते बोलण्याऐवजी शिट्टी वाजवत. मैदानावर त्यांचा जीव. घरं होणार म्हटल्यापासून माणूस अर्धा झाला होता.

"धावपट्टी जाईल तुमची," काका म्हणाले.

"जाईल." सरांनी मान वर केली नाही. "पण पळायला पोरं नसतील तर पट्टी घेऊन काय, तोरण लावू?"

हे उत्तर काकांना अपेक्षित नव्हतं. सरांचे तळहात सोलवटले होते. दोरखंडाला काहीतरी चिकट लागलेलं होतं आणि त्यावर बारीक भुसा बसला होता.

"धुक्यात करवतीचा आवाज येत होता म्हणतात इथून."

"बाक दुरुस्त केले."

"बरं झालं. कुठले?"

सरांनी तोंडात शिट्टी धरली, पण वाजवली नाही. तेवढ्यात मोठ्या बाई स्वतःच बाहेर आल्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, काठ नसलेली सुती साडी, आणि मुख्याध्यापकांना असतो तसा, कुणालाही पुन्हा लहान करून टाकणारा आवाज.

"या ना विमाकाका. शाळा बघायचीय? चला, दाखवते. पण हळू चला हं, गुडघे माझे संपावर आहेत."

त्या हळूच चालत होत्या. फारच हळू. पहिल्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती. दुसऱ्यात चित्रं काढत होती. एका बाकाचा पाय मोडका होता आणि त्याखाली विटा लावल्या होत्या. बाई प्रत्येक दारापाशी थांबत, काहीतरी जुनी आठवण सांगत, मग पुढच्या दाराकडे निघत. तिसऱ्या वर्गात मुलं खिडकीकडे पाठ करून बसली होती, डोळ्यांवर हात धरून. फळा उन्हानं असा चमकत होता, की त्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं.

"बाक फिरवलेत वाटतं," काका म्हणाले.

"ऊन आलं. धुक्यानंतरचं ऊन जरा जास्तच असतं," बाई म्हणाल्या.

चौथ्या वर्गाच्या दारात काका उभे राहिले आणि त्यांना वाटलं, आपण झोपेत आहोत. पहिल्या बाकावर एक मुलगी होती. हाताला प्लास्टर, प्लास्टरवर शाईनं काढलेलं मांजर. ही मुलगी त्यांनी पहिल्या वर्गात पाढे म्हणताना पाहिली होती. तिच्या शेजारचा, पुढचे दोन दात पडलेला, तोही तिथेच होता. सगळीच मुलं किंचित धापा टाकत होती. मुलीनं काकांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं, एखाद्या खेळातलं गुपित सांभाळावं तसं.

मागच्या जिन्यावरून लहान पावलांचा शेवटचा आवाज येऊन विरला.

काकांनी वर पाहिलं. जिन्याच्या टोकाशी एक बंद दार होतं, आणि दाराखालच्या फटीतून निलगिरीचा वास पाण्यासारखा झिरपत खाली येत होता.

५

काका बाईंचा निरोप घेऊन निघाले. मैदानात जाऊन एका दगडावर बसले आणि मागच्या बाजूनं झाडांकडे बघू लागले.

माणूस घाबरला की ज्याला घाबरला त्याच्याकडेच बघतो. सकाळपासून अख्खी वस्ती झेंड्यांकडे बघत होती. झाडांकडे कोण बघणार? झाडं काय, झाडंच. पण मागून बघितलं की स्पष्ट दिसत होतं. प्रत्येक निलगिरीचा शेंडा छाटलेला होता. हातानं, निगुतीनं, वरून निमुळता ठेवून, म्हणजे लांबून तोच शेंडा वाटावा. आत कापल्या जागी लाकूड ओलं आणि गुलाबी होतं.

इमारत वाढली नव्हती. झाडं बुटकी झाली होती.

पण का? विरोधकांपैकी कुणी केलं असतं तर शाळेच्या आवारात चढायची हिंमत हवी, आणि फांद्या लपवायला शाळेचीच खोली. चढणारा शिट्टी सर, हे दोरखंडानंच सांगितलं. पण ज्याला पोरं हवीत तो घरं मोडेल कशाला? चमकणारा फळा काकांच्या डोळ्यांपुढे आला. बाक फिरवावे लागले, म्हणजे वर्गात इतकं ऊन आधी कधीच येत नव्हतं. आणि विरोधकांचा दुसरा आक्षेप काय होता? नव्या इमारतीची सावली वर्गांवर पडेल.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती पाळीवर होती. मागे कुणीतरी कण्हत होतं.

"बाबा, पटकन बोला."

"मी उद्या खरं सांगितलं तर तुझ्या अर्जाचा बोभाटा होईल. कदाचित घर जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सगळ्यांचंच जाईल."

"मग यात विचारण्यासारखं काय आहे?" मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

काकांनी फोन खिशात ठेवला आणि शाळेत परत गेले. मुलं घरी गेली होती. मोठ्या बाई आपल्या खोलीत, दिवा न लावता बसल्या होत्या.

"तुम्हाला वर्गात उजेड हवा होता," काका दारातूनच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य पुरं झालं, आणि दुसरंही आलं. "साहेब उद्या वर्ग बघणार, तेव्हा सावलीचा आक्षेप फोल ठरावा म्हणून शेंडे उतरवलेत. परवानगी मागितली असती तर गल्लीनं झाडांना मिठ्या मारल्या असत्या. म्हणून धुक्यात. तुम्हाला ती घरं हवी आहेत, बाई."

बाई हसल्या. ते हसू बघवत नव्हतं. "मी आयुष्यभर त्या झाडांकडे वर्गातून पाहिलं, काका. गल्लीतून ती कशी दिसतात, आणि लोक त्यांनी इमारत मोजतायत, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. घर राखायला गेले आणि घरालाच काडी लावली."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"फांद्या कुठे ठेवल्या, विचारलं असतं."

"वरच्या वर्गात."

"वरच्या रिकाम्या वर्गात." बाईंनी डोळे मिटले. "वरचे सगळेच रिकामे आहेत. इथे नवी पोरं जन्मत नाहीत, काका. बंगल्यांत आता फक्त आजी-आजोबा राहतात. खरी पटसंख्या कळवली असती, तर ही शाळा केव्हाच बंद करून दुसरीत मिसळली असती. म्हणून भरलेली आहे असंच कळवत आले. कुणी बघायला आलं की पोरांना मागच्या जिन्यानं पुढे पळवते. त्यांना वाटतं खेळ आहे."

"पण तुम्ही शाळा भरलेली म्हणालात, म्हणूनच तर लोक घरं नको म्हणतायत!"

"माहीत आहे." त्या जवळजवळ कुजबुजल्या. "रिकामी म्हणावं तर शाळा आज जाते. भरलेली म्हणावं तर घरं येत नाहीत, आणि शाळा उद्या जाते. मी उद्या निवडला. तुम्ही काय निवडलं असतं?"

काका दारातून एक पाऊल आत आले. ते म्हणाले, "मी सकाळी शेंड्यांबद्दल बोलणार आहे. त्या पोरीवर आळ आहे, तो राहू देता येणार नाही. खोलीबद्दल मी बोलणार नाही. ती किल्ली तुमची."

मागे पावलं वाजली. शिट्टी सर दारात उभे होते. "काही बोलायची गरज नाही, बाई. मी सांगतो मी कापली. माझ्या मैदानासाठी. सगळ्यांना पटेल."

ते खरंच सगळ्यांना पटलं असतं.

६

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. काका उभे राहिले आणि आधी लेकीचं सांगून टाकलं. सभागृहात कुजबुज उठली. डॉक्टर अर्धे उठले होते, ते तसेच हवेत राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, "डॉक्टर, तुमची सुईच काढून घेतली की हो काकांनी!"

मग काकांनी वेल सांगितली, घरटं सांगितलं. सगळी सभा मागच्या दारानं मैदानात आली. अधिकाऱ्यांनी स्वतः खुंटीवरचे तपकिरी पीळ बोटानं चाचपले. डॉक्टर घरट्याखाली खूप वेळ मान वर करून उभे राहिले. मग काकांनी झाडांकडे बोट दाखवलं.

"अरेच्चा!" गल्लीतल्या एका आजोबांनी कपाळावर हात मारला. "आम्ही सुतावरून स्वर्ग गाठला, आणि सूतच आखूड!"

"म्हणजे दोऱ्या आधीही इथेच होत्या," डॉक्टर म्हणाले. ते वास्तुकारबाईकडे वळले. त्यांना वेळ लागला, पण ते म्हणाले, "मुली, माझं चुकलं." मग पुन्हा ताठ झाले. "पण साहेब, उंचीचं सोडा. शाळेचं काय? शाळा भरलेली आहे. हे तर कुणी कापलेलं नाही!"

"बरोबर," अधिकारी म्हणाले. "तो मुद्दा राहतोच. शाळेत जागा नसेल तर घरांना मंजुरी देता येणार नाही. आणि ही झाडं कुणी तोडली?"

शिट्टी सरांनी एक पाऊल पुढे टाकलं. "मी. मीच ती—"

"थांबा." मोठ्या बाईंचा आवाज आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळे थांबले. "सर, मागे व्हा. चला सगळे माझ्याबरोबर. आज भरभर चालायचंय."

त्या जिना चढल्या. गुडघ्याचं नावही काढलं नाही. दार उघडलं तेव्हा वास असा बाहेर आला, की पुढच्या माणसांनी डोळे पुसले. वर्ग पानांनी भरला होता. बाकांवर, टेबलावर, फळ्याखाली, सगळीकडे निळसर पानांचे शेंडे पडले होते, आणि खिडकीतून आलेल्या उजेडात ते अजून वाढत असल्यासारखे वाटत होते. शाळेच्या आत उगवलेलं, कुणी न पाहिलेलं रान. डॉक्टर आत शिरले, एका बाकावरची फांदी बाजूला केली आणि त्या रिकाम्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे वर आले होते. शेजारी कुणीच नव्हतं. त्यांनी कोपर ताणून पाहिलं, कुणाला लागलं नाही.

बाईंनी पुढचं दार उघडलं. मग त्याच्या पुढचं. तिथे पानंही नव्हती, नुसते बाक होते, धूळ होती आणि फळ्यावर फार जुन्या एखाद्या सोमवारची तारीख होती.

"हे तुम्ही लपवलंत," अधिकारी म्हणाले.

"हो."

"याचा अर्थ काय होतो, तुम्हाला कळतंय ना?"

"माझ्यापुरता कळतोय. शाळेपुरता तुम्ही ठरवा. बंद करायला जेवढे रिकामे वर्ग लागतात, घरं बांधायलाही तेवढेच लागतात, साहेब. तुम्ही कशासाठी मोजताय, एवढाच प्रश्न आहे."

अधिकारी पानांच्या वर्गात परत आले आणि डॉक्टरांकडे वळले. "तुमचा आक्षेप?"

डॉक्टर अजून त्या बाकावरच होते. त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवरची पानं बाजूला सारली. मग म्हणाले, "मला वाटत होतं माझ्या मुलीला जागा मिळावी म्हणून मी भांडतोय. तिच्या शेजारी बसायला कुणी उरलेलंच नाही, हे तिनं मला घरी सांगितलं नव्हतं."

"तो आक्षेप आहे का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मी आक्षेप मागे घेतो."

७

घरांना मंजुरी मिळाली. घरं उभी राहीपर्यंत शाळेला हात लावायचा नाही, असंही अधिकाऱ्यांनी लिहून दिलं. काकांच्या लेकीचं नाव सोडतीतून काढावं का, असं एकानं विचारलं, तेव्हा अधिकारी म्हणाले, "चिठ्ठ्या उचलणाऱ्याला आजोबा दिसत नाहीत. राहू द्या." खोटी पटसंख्या कळवल्याबद्दल मोठ्या बाईंना मात्र त्याच दिवसापासून पदावरून दूर केलं. त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनीही बोलू दिलं नाही.

काका फाटकापाशी थांबले होते. बाई हातात एक पिशवी घेऊन आल्या. इतक्या वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं होतं.

"माझ्यामुळे झालं हे," काका म्हणाले. दुपारभर जुळवलेलं वाक्य होतं, तरी धड आलं नाही. "मी गप्प बसलो असतो तर..."

"तर ती वास्तुकार पोर पिंजऱ्यात उभी असती आणि मी खुर्चीत. दोन्ही जागा चुकल्या असत्या." बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्या नातीला कितवीत जायचंय?"

"पहिलीत. म्हणजे, घर मिळालं तर. चिठ्ठी निघाली तर. माझं नशीब काही..."

"आणि नाही निघाली तर?"

काकांनी विचार केला. मैदानापलीकडे संध्याकाळ उतरत होती आणि लांब जाणाऱ्या बसच्या थांब्यावर दिवसभर राबलेली माणसं रांग लावत होती. त्यांची लेकही आत्ता अशाच कुठल्यातरी रांगेत उभी असेल.

"तर दुसऱ्या कुणाची तरी नात येईल," ते म्हणाले, आणि आपल्याला हे बोलता आलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

बाईंनी मान हलवली. मग त्या चालायला लागल्या, आणि चार पावलांवर थांबून, मागे वळून, शेवटचं एकदा मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या:

"जी येईल तिला सांगून ठेवा. पहिल्या दिवशी लवकर यायचं. पुढचे बाक पटकन भरतात."